प्रोफेसर विष्णुपंत नाव घेतात

कुवेतमधल्या वफ्राच्या शेतावर शुक्रवारी सकाळी वारा सुटला आणि द्वारकेचं जातं उडालं.

थर्माकोलचंच ते. पण राजननं राखाडी रंग देऊन, वर वाळू चिकटवून असं काही बनवलं होतं की बघणाऱ्याला वाटावं, हलवायला दोन माणसं लागतील. एक झुळूक पुरली. वरचा दगड खुंट्यासकट उठला, काकडीच्या हरितगृहावरून गिरकी घेत पलीकडे टोमॅटोच्या वाफ्यांत उतरला. त्याच्यामागे शेताचा मॅनेजर तौफीक धावला, तौफीकमागे कॅमेरा घेऊन प्रसाद धावला, आणि सगळ्यांच्या मागून एका हातानं धोतराचा सोगा नि दुसऱ्या हातानं पगडी धरून तर्कशास्त्राचे प्रोफेसर विष्णुपंत धावले.

“सुमेध, तू धावू नकोस,” राजन ओरडला. “अठराशे सत्त्याऐंशी साली प्रोफेसर धावत नसत.”

“तवा जातंही उडत नव्हतं,” संपदा म्हणाली. ती नऊवारी नेसून, पुढ्यात नुसता खालचा दगड घेऊन बसली होती. “त्यांना तरी कामून बोलायलात?”

राजन मूळचा पुण्याचा, इथल्या एका तेल कंपनीत इंजिनियर. मराठी मंडळाच्या वार्षिक संमेलनाला दर वर्षी नाटक व्हायचं. यंदा त्यानं हट्ट धरला, आपण सिनेमा करू, आणि तोही जुन्या काळातला. गोष्ट त्यानंच रचली. राणीच्या राज्यातलं पुणं. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारे विष्णुपंत एका विलायती सोसायटीसाठी बायकांच्या ओव्या गोळा करायला निघतात. पण माणूस एवढा भिडस्त की बाई समोर आली तर ह्यांची मान खाली. मग ते दाराबाहेर पाटावर बसतात, आत द्वारका दळता दळता ओव्या म्हणते, हे बाहेरून म्हणतात, “पुढची ओवी.” हळूहळू द्वारका ह्यांच्यावरच ओव्या रचायला लागते. विष्णुपंत त्याही निमूटपणे टिपून घेतात, मात्रांची चर्चा करतात, आणि आपल्याबद्दल काही चाललंय हे सबंध पुण्यात सगळ्यांत शेवटी त्यांच्या ध्यानात येतं.

विष्णुपंतांसाठी राजननं कुणाची परीक्षा घेतली नाही. थेट सुमेधला फोन केला.

“मला अभिनय येत नाही,” सुमेध म्हणाला होता.

“म्हणूनच,” राजन म्हणाला.

सुमेध नाशिकचा. वय छत्तीस. तेलाच्या पाइपांना कुठे गंज धरतोय ते शोधणं हे त्याचं काम. हे काम एकट्यानं, वाळवंटात, कान देऊन करायचं असतं, आणि ते त्याला मानवलं होतं. बोलायचा तेव्हा नीट बोलायचा, फक्त बोलायची वेळ आली की त्याला दुसरं काहीतरी काम आठवायचं. पगडी, काळा कोट, उपरणं आणि डिंकानं चिकटवलेल्या मिशा एवढं चढवून तो पहिल्या दिवशी दाराबाहेर पाटावर बसला, तेव्हा राजनच्या डोळ्यांत पाणी आलं. काही करावंच लागलं नाही त्याला. त्यानं नुसतं संकोचायचं होतं.

आणि द्वारका म्हणजे संपदा. परभणीकडची. एका इस्पितळात लहान मुलांच्या विभागात नर्स. जात्यावरच्या ओव्या तिच्या आईच्या, मावशांच्या तोंडच्या ऐकलेल्या, आणि त्याहून जास्त तिच्या स्वतःच्या. सुई टोचताना रडणाऱ्या पोरांनाही ती ओवीच ऐकवायची, आणि कुवेती पोरंही, एक अक्षर कळत नसताना, हात पुढे करून गप्प ऐकायची.

संपदाला आयर्लंडातल्या एका इस्पितळानं बोलावलं होतं. रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. ही गोष्ट तिनं मंडळात कुणाला सांगितली नव्हती, कारण मंडळात एका बाईला सांगितलं की घटकेत सगळ्या कुवेतला ठाऊक. तिनं ती फक्त सुमेधला सांगितली, मागच्या शुक्रवारी, वफ्राहून परत येताना त्याच्या गाडीत. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, बाहेर वाळूतले तंबू बघत होती. सुमेधनं पुढचा चौक पार केला.

मग म्हणाला, “अभिनंदन. तिथली हवा ओलसर असते म्हणतात.”

संपदा उरलेला रस्ता तंबू मोजल्यासारखी बाहेर बघत राहिली.

आता तो रविवार परवावर आला होता, आणि आज सिनेमाचा शेवटचा दिवस होता.

तौफीकनं उडालेला दगड आणून दिला. त्याला एक टोमॅटो चिकटला होता, तो काढला. दगडाच्या पोटात खऱ्या विटा भरल्या, आणि दाराआडचा राहिलेला प्रसंग सुरू झाला. आत संपदा, बाहेर विष्णुपंत, मध्ये अर्धवट लोटलेलं दार. संपदानं खुंट्याला हात घातला. राजननं लिहून दिलेली ओवी तिनं म्हटली, ती चांगली होती. पण राजन थांबा म्हणेना, म्हणून ती थांबली नाही. आवाज जरा खाली आणून, स्वतःशी म्हणावी तशी तिनं आणखी एक म्हटली.

*सरलं माझं दळण, सरली जात्याची घरघर,*
*पुसायचं ते पुसंना, बाई, बसलाय दारावर.*

कॅमेऱ्यामागे प्रसादचे खांदे हलायला लागले. राजननं तोंडावर हात धरला. विष्णुपंतांनी मात्र टाक दौतीत बुडवला, चार अक्षरं लिहिली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “पुढची ओवी.”

“ह्याला ऑस्कर द्या,” राजन पुटपुटला.

सुमेधला खरंच वाटलं होतं की ओवी विष्णुपंतांसाठी आहे.

लग्नाच्या प्रसंगासाठी दहाच्या सुमारास मंडळाच्या बायकांची बस आली. नऊवाऱ्या, नथी, काळे गॉगल, डब्यांत पोहे, आणि सगळ्यांच्या पुढे प्रेमामावशी. चिपळूणच्या. इथल्या इस्पितळांत नर्सिंगमध्ये उभा जन्म गेला, आता निवृत्त होऊन सबाह अल-सालेम भागात मुलाकडे राहत होत्या. सिनेमात त्या विष्णुपंतांच्या थोरल्या बहिणीचं काम करत होत्या, आणि सिनेमाबाहेर सगळ्यांच्या.

प्रेमामावशींनी एक गोष्ट हेरली होती. दोन महिने त्या सुमेधला पाहत होत्या. तो राजनला राजन म्हणायचा, प्रसादला प्रसाद, तौफीकला तौफीकभाई. संपदाला मात्र काहीच नाही. तिला हाक मारायची असली की खोकायचा. नाहीतर जात्यावर बोटानं टकटक करायचा. नाहीतर प्रसादकडे बघून म्हणायचा, “त्यांना सांग, पदर उडतोय.” फोनवरचा निरोपसुद्धा “नमस्कार, खाली थांबलोय,” एवढाच.

“आमच्याकडे बायकामाणसं ज्याचं नाव घेत नाहीत, तो कोण असतो?” बसमध्ये मावशींनी बायकांना विचारलं होतं. “सांगा. कोण असतो?”

“नवरा,” बस एका सुरात म्हणाली.

“आणि ज्या पुरुषाच्या तोंडून सगळ्या जगाची नावं येतात नि एकीचंच येत नाही, ती त्याची कोण?”

बस हसायला लागली. ठरलंच म्हणजे.

एवढ्यावर मावशी थांबल्या असत्या तर बरं होतं. पण त्यांनी घरून दूध पावडरचे पेढे करून आणले होते. खतांच्या गोण्या ठेवायच्या खोलीत सुमेध आरशासमोर मिशी पुन्हा चिकटवत होता, तिथं त्या डबा घेऊन उभ्या राहिल्या.

“घे. तोंड गोड कर. मला सगळं कळलंय हो.”

सुमेधला वाटलं, आयर्लंडचं कळलं. त्याला जरा हायसंच वाटलं. त्यानं पेढा घेतला.

“हो. आनंदाचीच गोष्ट आहे,” तो म्हणाला.

“कधीपासून चाललंय?”

“दिवाळीपासून. आधी मुलाखत झाली, मग कागदपत्रं.”

“मुलाखत?” मावशी गोणीवर बसल्या. “हल्ली अशी पद्धत आहे होय. आणि कागदपत्रं कसली रे?”

“शिक्षणाची. आणि पोलिसांचा दाखला.”

“ते एक बरं केलंत. परक्या देशात कुणाची काय खात्री. आणि कधी म्हणताय?”

“एप्रिलमध्ये, असं ते म्हणतायत.”

“म्हणजे तुझ्या घरचे?” पण मावशींनी उत्तराची वाट पाहिली नाही, त्यांच्या डोक्यात हॉल ठरवणं सुरू झालं होतं. “आणि तुला कसं वाटतंय?”

सुमेधनं आरशात पाहिलं. अर्धी मिशी लागली होती, अर्धी लटकत होती.

“मला काय वाटायचं,” तो म्हणाला. “त्यांचं चांगलं होतंय.”

त्यांचं. मावशींना तेवढं पुरलं. त्यांनी त्याला आणखी एक पेढा दिला आणि बाहेर गेल्या.

ऊन डोक्यावर यायच्या आत शेतावरच्या प्रत्येक नथीला बातमी कळली होती. तौफीकलाही कळली, कारण कुणीतरी त्यालाही पेढा दिला. तो टोपलीभर काकड्या घेऊन संपदापाशी आला आणि म्हणाला, “मुबारक हो, बहेन. सच्ची वाली शादी भी यहीं कर लो, जगह बहोत है.”

संपदाला आधी वाटलं तो सिनेमाबद्दल बोलतोय. मग बायकांनी तिला घेरलं. नाशिकची हवा कशी चांगली, सासू असली तर कसं, नसली तर कसं, एप्रिलात उकडेल पण हॉल थंड असतो. आणि मुलानं स्वतः पेढा खाल्ला, दोन खाल्ले, मावशींच्या समोर.

संपदानं सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचला आणि निघाली.

सुमेध काकडीच्या हरितगृहात वेलींच्या दोन रांगांमध्ये उलट्या क्रेटवर बसून संध्याकाळचे संवाद पाठ करत होता. मोठाले पंखे घुमत होते, त्यामुळे ती अगदी समोर येईतो त्याला कळलं नाही.

“तुम्ही पेढे खाल्लात?”

तो उभा राहिला. पगडी वेलीत अडकली.

“दोन,” तो म्हणाला.

“कशाचे होते ते?”

“आयर्लंडचे. तुमच्या.”

“आपल्या लग्नाचे होते.”

सुमेधनं हळूच पगडी वेलीतून सोडवली. डोक्यावर ठेवली, मग काढून हातात घेतली.

“मी असं कुठं, कुणाला, काही...”

“तेच तर म्हणायले मी. तुम्ही कुठं, कुणाला, काहीच बोलला नाहीत. आणि बाहेर तीस बाया एप्रिलचा हॉल बघायल्यात. का, तर तुम्ही माझं नाव घेत नाहीत. ज्या अर्थी नाव घेत नाही त्या अर्थी ठरलं. मला विचारलं का कुणी? तुम्हाला तर विचारायची गरजच नाही, तुम्ही पेढा खाऊन मोकळे.”

“मी आत्ता जाऊन मावशींना सांगतो,” सुमेध घाईनं म्हणाला. “गैरसमज दूर करतो.”

“काय सांगाल?”

“की तसं काही नाही.”

पंखे घुमत राहिले. संपदा त्याच्याकडे बघत होती, पहिल्यांदाच अशी सरळ, आणि तिचा राग कुठे गेला ते त्याला कळेना. राग होता तेच बरं होतं असं त्याला वाटून गेलं.

“तसं काही नाही,” ती म्हणाली. “बरं. सांगा मग.” तिनं एक काकडी उगाच देठाशी पिळली. “परवा मला उत्तर धाडायचंय. मी हो म्हणणार आहे. जायचं तर ठरलंच होतं, कुणी थांब म्हणावं म्हणून मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. इथून निघताना मागं कुणी राहायलंय का, एवढंच बघायचं होतं. नाही म्हणालात, सुटले. सामान कमी.”

ती गेली. तिच्या हातात काकडी होती आणि ती जाता जाता खात होती, आणि पाठमोरी असूनही सुमेधला दिसत होतं की ती चव घेत नाहीये.

तो प्रामाणिक माणूस होता. म्हणाला होता म्हणून गेला मावशींकडे. त्या शामियान्यात बायकांच्या पदरांना टाचण्या लावत होत्या.

“मावशी, गैरसमज झालाय. माझं आणि त्यांचं तसं काही नाही.”

“कुणाचं?”

“माझं आणि त्यांचं.”

“अरे पण कुणाचं? इथं तीस जणी बसल्यात. नाव घे की.”

सुमेधनं तोंड उघडलं. नाव साधं होतं, तीन अक्षरांचं, रोज कुणी ना कुणी त्याच्यासमोर घेत होतं. दोन महिने त्यानं ते जिभेखाली ठेवलं होतं, गाडीत एकटा असताना कधीतरी काचा वर करून म्हणून पाहिलं होतं. आता ते घेतलं की पुढे ‘तसं काही नाही’ म्हणावं लागणार होतं. नाव आणि ते वाक्य त्याच्या तोंडात एकत्र मावेनात.

“राहू दे,” तो म्हणाला आणि वळला.

मागे शामियाना असा हसला की तंबूचे दोर हलले. “बघा,” मावशी म्हणत होत्या, “नाकारायला आला होता, तेही जमलं नाही लेकराला.”

उन्हं कलली. राजनला हीच वेळ हवी होती. लाल उजेडात लग्नाचं घर उजळून निघालं होतं. दाराला झेंडूचं तोरण, उंबरठ्यावर तांदळाचं माप. लग्न लावून वरात परत आलीय, आणि थोरल्या बहिणीनं दार अडवलंय: आधी नाव, मग घर. राजनच्या सिनेमाचा कळस तो हाच. अख्खं आयुष्य दाराबाहेर काढलेल्या प्रोफेसरांनी भरल्या आळीसमोर बायकोचं नाव घ्यायचं.

“लक्ष द्या,” राजन म्हणाला. “सूर्य फार वेळ नाही. दोन टेक, फार तर तीन. आधी विष्णुपंत नाव घेतील, मग द्वारका घेईल, मग मावशी हात काढतील, दोघं आत. प्रसाद?”

“चालू.”

मावशींनी दारात आडवा हात धरला. “असं कसं जाशील, विष्णू? कॉलेजात मोठा बोलतोस म्हणे. इथं बोल बघू.”

“ताई, हा तर्काचा विषय नाही,” विष्णुपंत म्हणाले. ते वाक्य सुमेध छान म्हणायचा.

“तर्क पुरे. नाव घे.”

बायका पुढे झुकल्या. संपदा त्याच्या डाव्या हाताला, मान खाली, मुंडावळ्या वाऱ्यानं तिच्या गालावर येत होत्या. तिचा चेहरा आज द्वारकेचा नव्हता, दमलेल्या माणसाचा होता, आणि तरी काम नेटकं करायचं म्हणून ती नेटकी उभी होती. सुमेधनं घसा साफ केला.

“ग्रंथ वाचले शंभर, तरी राहिलो कोरा,” तो म्हणाला, “संपदेचं नाव घेतो, वाट सोडा जरा.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही, इतकं ते चपखल बसलं होतं. मग राजनच्या लक्षात आलं.

“कट. अरे, द्वारकेचं. द्वारकेचं नाव घेतो. चल, होतं असं. पुन्हा.”

बायकांच्या रांगेतून हसू निघालं आणि मध्येच थांबलं, कारण संपदानं मान वर केली होती. सुमेधचे कान पगडीखाली लाल झाले होते. त्याला जमीन हवी होती, पोटात घेणारी, पण इथली जमीन कठीण. आपलं तोंड आपल्याला न विचारता बोललं, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. आणि नवल म्हणजे, बोलून झाल्यावर काही कोसळलं नव्हतं. तोरण हलत होतं. तौफीक उभा होता. नाव बाहेर पडून हवेत होतं आणि ते किती हलकं होतं.

“सायलेन्स,” राजन म्हणाला. “सुमेध, लक्षात आहे ना? द्वा-र-का. प्रसाद?”

“चालू.”

“तर्क पुरे. नाव घे,” मावशी म्हणाल्या, पण आता त्यांचा आवाज सिनेमातला नव्हता.

सुमेध दाराकडे वळलाच नाही. तो संपदाकडे वळला.

“ग्रंथ वाचले शंभर, तरी राहिलो कोरा,” तो सावकाश म्हणाला, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा. “संपदेचं नाव घेतो, वाट सोडा जरा.”

“अरे यार,” राजननं कपाळाला हात लावला. “पुन्हा तीच चूक.”

“नाही,” सुमेध म्हणाला. “मघाची चूक होती. ही चूक नाही.”

मंडळाच्या बायका एवढ्या गप्प कधी झाल्या नव्हत्या, शोकसभेतसुद्धा नाही.

सुमेधला आता थांबता येत नव्हतं. “संपदा,” तो म्हणाला, आणि एकदा सुरू झाल्यावर त्याला ते नाव परत परत घ्यावंसं वाटायला लागलं. “दुपारी मी खोटं बोललो, संपदा. तसं आहे. पुष्कळ आहे. तुम्ही आयर्लंडला जा. परवा हो कळवा. मी थांबा म्हणत नाहीये. तुम्हाला चालत असेल तर मी मागून येतो. नसेल चालत तर मी इथंच, पण तसं आहे हे तुम्हाला माहीत हवं. सामान वाढतंय, त्याला माझा इलाज नाही.”

“कसलं आयर्लंड?” मावशी म्हणाल्या. “मुलाखत ती आयर्लंडची होती?”

“मावशी, तुम्ही दार अडवा,” मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांचे डोळे संपदाकडे लागले. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण काजळ होतं आणि अजून टेक होता. ती राजनकडे वळली.

“माझं नाव घ्यायचं राहिलं ना? घ्या कॅमेरा माझ्यावर. उजेड जायलाय.”

“हो, हो,” राजन गडबडला. “प्रसाद, तिच्यावर घे.”

संपदानं पदर नीट केला. आवाज स्वच्छ, जात्यावर असायचा तसा.

“जात्यात घातला गहू भरल्या ओंजळीनं, विष्णुपंतांचं नाव घेते आळीच्या साक्षीनं.”

विष्णुपंतांचं. एक अक्षर चुकलं नव्हतं. राजन “परफेक्ट” म्हणाला, पण अगदी हळू. बायकांच्या रांगेतून श्वास सुटला. सुमेधनं मान हलवली, जसं कुणी योग्य तोच निकाल ऐकल्यावर हलवतं, आणि डोक्यावरची पगडी काढायला हात वर नेला.

“झालं तुमचं?” संपदानं राजनला विचारलं. “मिळालं जे पाहिजे ते?”

“मिळालं.”

“मग बंद करा तो कॅमेरा.”

प्रसादनं बंद केला. तिनं लाल दिवा गेलेला पाहून घेतला. मग सुमेधच्या बाहीला धरून त्याला खाली ओढलं, टाचा उचलल्या, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली. मोठं होतं. निदान दोन ओळींचं तरी, कारण मध्ये ती श्वास घ्यायला थांबली, आणि तिथं यमक जुळत असणार, कारण सुमेधची मान ठेक्यावर हलली. मावशी हात दारावर तसाच ठेवून जमेल तेवढ्या वाकल्या, पण त्यांना फक्त शेवट ऐकू आला, आणि शेवटी शब्द नव्हता. शेवटी सुमेध हसत होता. दोन महिन्यांत कुणी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. पोटातून, मोठ्यांदा, पगडी घसरून उपरण्यावर आली तरी. डिंक सुटून एका बाजूची मिशी लोंबायला लागली. ती संपदानं ओढून काढली.

“काय म्हणाली?” मावशींनी विचारलं.

“नाव घेतलं,” सुमेध म्हणाला.

“ते कळलं रे. पण कसं घेतलं? म्हणून दाखव. त्याशिवाय हात काढायची नाही मी.”

“ते माझं आहे, मावशी.”

“चालायचं नाही. आळीनं ऐकलंच पाहिजे.”

बायका पुढे सरकल्या. राजन सूर्याकडे बघत होता, सूर्य टोमॅटोच्या रांगांना टेकला होता. “आत जातानाचा शॉट राहिलाय,” तो काकुळतीला आला. “मावशी, सोडा त्यांना. प्रसाद, चालू कर. अरे, कुणीतरी आत जा.”

मावशी हटेनात. तेव्हा सुमेधनं संपदाचा हात धरला, आणि दोघं मावशींच्या हाताखालून वाकून, माप लवंडून, तांदूळ पसरवत आत गेली.

आत घर नव्हतंच. राजननं फक्त पुढची भिंत उभी केली होती, प्लायवूडची, मागून दोन लाकडांवर टेकवलेली. दाराच्या पलीकडे सरळ शेत लागत होतं. तिथं थांबून राजननं कट म्हणायची वाट बघायची असं ठरलं होतं. राजननं कट म्हटलं. मग मोठ्यांदा म्हटलं. दाराच्या चौकटीतून बायकांना दोघं दिसत होती, नऊवारी आणि काळा कोट, वाफ्यांच्या मधल्या वाटेनं लांब लांब जाताना, वारा पदर आणि उपरणं एका बाजूला उडवत होता, आणि प्रोफेसर सारखे काहीतरी बोलत होते.